इसार शेवटच्या गाडीला ठेवा

द्राक्षबागांमध्ये मण्यात पाणी उतरायला लागलंय. थोड्याच दिवसांत तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, पलूसकडच्या रस्त्यांना बाहेरच्या राज्यांच्या नंबरच्या गाड्या दिसतील आणि एजंट बांधाबांधाने फिरायला लागतील. एकदा दर निघाला की कुणी कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नसतं, म्हणून आत्ताच लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण द्राक्षवाल्यांनी तरी पूर्ण वाचा.

"टोकन घेतलंय, आता घोर नाही." दर हंगामात हे वाक्य कानावर येतं आणि माझ्या पोटात गोळा येतो. आधी थोडे पैसे दिले म्हणजे माणूस राहिलेले देणारच, हा समज आपल्या भागात इतका पक्का बसलाय की त्यावर लाखांचा माल गाडीत चढतो. माझं मत सरळ आहे. इसाराने, म्हणजे या टोकनने, बाकीच्या पैशांची हमी मिळत नाही. तो हमीसारखा वापरता येतो, पण त्यासाठी तो कधी वळता करायचा, म्हणजे हिशेबातून कापायचा, हे आधी ठरवावं लागतं. आपण दर ठरवतो, पेटीचं वजन ठरवतो, तूट किती धरायची त्यावर तासभर भांडतो, आणि हे एवढंच ठरवायचं सोडून देतो.

आमची घरची बाग आहे आणि कृषी सेवा केंद्रही. दुकानाची उधारीची वही मी सांभाळते, त्यामुळे पैसे घेणारी आणि पैशाची वाट बघणारी अशा दोन्ही बाजू मला रोज दिसतात. औषधं-खतं नेताना निम्मे पैसे रोख टाकणारे असतात आणि "सगळं सीझनला बघू ताई" म्हणणारेही असतात. बाहेरच्याला पहिला माणूस जास्त भरवशाचा वाटेल. वहीत तसं दिसत नाही. निम्मे देऊन गेलेल्याच्या मनात त्याने पैसे दिलेले असतात. उरलेल्याचा विषय काढला तर त्यालाच राग येतो, "त्या दिवशी एवढे मोजले की तुमच्या हातात!" उलट एक रुपयाही न देता माल नेलेले कितीतरी जण बागेचे पैसे आले की घरी जायच्या आधी दुकानाची पायरी चढतात. त्यांना एप्रिलच्या छाटणीला परत माझ्याकडेच यायचं असतं. गाव एक, सोसायटी एक, लग्नकार्यात एका पंगतीला बसायचं. पैसे न देण्याने पुढचं काहीतरी अडणार असेल तर माणूस देतो. मागे किती दिले, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध आहे.

द्राक्षाच्या व्यापाऱ्याचं काय अडतं? माल गाडीत चढला, गाडी हद्दीबाहेर गेली, की काहीच नाही.

आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या बागेत हेच झालं. व्यापारी ओळखीच्या एजंटाबरोबर आलेला. तात्यांनी मागायच्या आधीच त्याने नोटांचं बंडल काढून हातावर ठेवलं, वर "मालक, मोजून घ्या" म्हणाला. सौदा लिहिला तो फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर. दर, तारीख, इसाराची रक्कम, आणि खाली एक वेडीवाकडी सही, जी कुणाची हे आज कुणालाच वाचता येत नाही. पहिली गाडी भरली त्या दिवशी इसार कापून बाकीचे पैसे गाडी हलायच्या आत खात्यात जमा. काकींनी त्याच्या सगळ्या माणसांना जेवायला वाढलं. दुसऱ्या दिवशी निम्मे आले, "बँकेची लिमिट संपली, उद्या टाकतो." तिसऱ्या दिवशी चेक. चेकवर सगळं व्यवस्थित होतं, तारीख, आकडा, सही. बँकेने परत पाठवला, खात्यात शिल्लक नाही म्हणून. तोवर फोन बंद, आणि एजंट म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली.

आता यातला हिशेब बघा. समजा एक एकर बाग, दहा टन माल. चार किलोच्या २,५०० पेट्या झाल्या. दर २०० रुपये पेटी धरला तर पाच लाख होतात. इसार ५०,००० घेतला. पहिल्या दिवशी ८०० पेट्या निघाल्या, १ लाख ६० हजारांच्या. व्यापाऱ्याने इसार वळता केला आणि १ लाख १० हजार दिले. हिशेब चोख! सगळे खूश. पण त्या संध्याकाळी तुमच्या हातात इसार उरलेला नाही, तो संपला. दुसऱ्या दिवशीपासून तुम्ही निव्वळ उधारीवर माल देताय आणि मनात मात्र "टोकन घेतलंय" हेच चालू आहे. दुसऱ्या दिवशी ८०० पेट्यांचे ६० हजार आले, एक लाख राहिले. तिसऱ्या दिवशी उरलेल्या ९०० पेट्या गेल्या आणि १ लाख ८० हजारांचा चेक आला. एकूण अडकले दोन लाख ऐंशी हजार.

म्हणून माझं म्हणणं आहे की इसार पहिल्या गाडीत वळता करू देऊ नका, तो शेवटच्या गाडीला ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं, बाकी इसाराच्या रकमेच्या वर गेली की त्या क्षणी काढणी बंद. वरच्या उदाहरणात पहिली गाडी पूर्ण १ लाख ६० हजार घेऊनच हलली असती. दुसऱ्या संध्याकाळी एक लाख थकले, हातात इसार ५० हजारांचा, म्हणजे तिसऱ्या दिवशी बागेत कात्री जाणार नाही. नुकसान झालंच असतं तर ५० हजारांचं, आणि ९०० पेट्या वेलीवर. व्यापारी खरा असेल तर त्याचं काय जातं? त्याचे पैसे कुठे पळून जात नाहीत, शेवटी त्याच्याच हिशेबात येतात.

मला माहीत आहे, बांधावर हे बोलण्याइतकं सोपं नाही. पिकलेली बाग थांबत नाही. अवकाळी पावसाचे ढग आले की मणी तडकायच्या भीतीने माणूस जो येईल त्याला माल देतो. आणि निम्मी काढलेली बाग दुसरा व्यापारी बघायलाही येत नाही, कारण आधीच्याने चांगले घड निवडून नेलेले असतात, राहिलेल्या मालाला तो पडेल दर मागतो. व्यापाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. इसार देताना शेतकऱ्याला बांधून घेतो तो व्यापारी, कारण टोकन घेतल्यावर आपण दुसऱ्या गिऱ्हाईकाला बाग दाखवत नाही. म्हणजे पन्नास हजारांत त्याने आपले पर्याय बंद केले आणि स्वतः मोकळा राहिला. हे मला फार खुपतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी तात्यांच्या प्रकरणात कळली. इसार आणि पहिल्या गाडीचे चोख पैसे पुढे शेतकऱ्याच्याच विरोधात जातात. फसवणुकीचा गुन्हा, म्हणजे आधीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, लागायचा तर सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता असं दिसावं लागतं. व्यापाऱ्याचा वकील सांगतो, हेतू वाईट असता तर निम्मे पैसे कशाला दिले असते? हा दिवाणी व्यवहार आहे, धंद्यात तोटा आला. तक्रार द्यायला गेलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच ऐकायला मिळतं.

चेकच्या बाबतीत कायदा जरा बरा आहे. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवसांची मुदत, आणि तरीही दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. २०१८ च्या दुरुस्तीमुळे खटला चालू असताना २० टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लावायचा अधिकारही कोर्टाला आहे. पण पहिले ३० दिवस "देतो, देतो" ऐकण्यात घालवले की हा रस्ता अवघड होतो. आपली माणसं नेमके तेच ३० दिवस घालवतात, कारण "एवढे दिलेत तर उरलेले पण देईल" ही आशा सुटत नाही.

आता आपल्याच जिल्ह्यातली दुसरी रीत बघा. सांगली-तासगावच्या बेदाणा बाजारात दिवाळीच्या सुमाराला सौदे बंद ठेवतात आणि झिरो पेमेंट करतात. ज्याची जेवढी बाकी असेल ती शून्यावर आणायची, मग नवे सौदे. तिथेही पेमेंट लांबतं, तक्रारी होतात, सगळं सोन्यासारखं आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे वसुलीचा जोर पुढच्या सौद्यात आहे. बाकी ठेवली तर उद्याच्या बोलीला उभं राहता येणार नाही, ही भीती कुठल्याही इसारापेक्षा जास्त काम करते. तीच द्राक्षं, वेलीवरून विकली तर कुणी वाली नाही. फळं-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला, त्यानंतर बांधावरच्या सौद्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरलेलं नाही. कुठेही विकायची मोकळीक मिळाली ते चांगलंच. पण पैशाची जोखीम पूर्ण शेतकऱ्याच्या गळ्यात आली, यावर बोलायला कुणाला वेळ नाही.

ऊसवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. पहिली उचल हातात आली म्हणून पुढचा हप्ता वेळेवर आला, असा अनुभव किती जणांचा आहे? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायची आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं स्पष्ट लिहिलंय. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने दोन टप्प्यांत द्यायची मुभा दिली आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ऊस उत्पादकाच्या हातात निदान तारीख आणि व्याज आहे. द्राक्ष बागायतदाराच्या हातात फवारणीच्या वहीचं मागचं पान.

ऊसतोडीची उचल तर उलट्या बाजूने तेच सांगते. ट्रॅक्टरवाले कर्ज काढून मजूर आणणाऱ्या मुकादमाला कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, आगाऊ उचल देतात आणि हंगामाच्या तोंडाला टोळीच येत नाही. कित्येक वाहनमालक यात बुडालेत. आणि जे मजूर येतात ते उचल फिटेपर्यंत पडेल त्या अटीत राबतात, लेकराबाळांसकट. आगाऊ पैसा तिथे दोन्हीकडच्या गरीब माणसालाच खातो. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन.

कुणी म्हणेल, मग महावितरण सुरक्षा ठेव घेतं ते काय उगीच? ती ठेव दर महिन्याच्या बिलात वळती होत नाही, बाजूला राहते, तिच्यावर व्याजही मिळतं, आणि बिल थकलं तर १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. ठेव त्यांच्याकडे, वीजही त्यांच्या हातात. आपण इसार पहिल्याच दिवशी संपवतो आणि मालही गाडीत चढवतो.

एकट्याने ही अट घातली तर व्यापारी शेजारच्या बागेत जाईल, हे मलाही कळतं. म्हणून हे शिवाराने मिळून करायला हवं. एका शिवारातल्या सगळ्या बागांची एकच सौदापावती. व्यापाऱ्याचं नाव आणि पत्ता आधारवर असेल तसाच. एजंटाची सही जामीन म्हणून, नुसती ओळख करून देणारा म्हणून चालणार नाही. गाडीचा आणि चालकाच्या लायसनचा फोटो. रोजच्या पेट्या आणि रोजचं पेमेंट एकाच कागदावर, दोघांच्या सह्या. इसार शेवटच्या गाडीत वळता. बाकी इसाराच्या वर गेली की दुसऱ्या दिवशी काढणी बंद, आणि एका बागेचे पैसे थकवले तर त्या शिवारातल्या कुठल्याच बागेत त्याची गाडी जाणार नाही. बेदाण्याच्या बाजारातला जोर बांधावर आणायचा तर मला दुसरा मार्ग दिसत नाही.

दरवर्षी नियमाने येणारे, पै न पै देणारे व्यापारीही आहेत. आमच्याकडे येणाऱ्या अशाच एकाला मी ही अट सांगितली. तो म्हणाला, "ताई, सगळ्यांना लावा, म्हणजे आमचे सौदे पळवणारे चोर तरी बाहेर जातील." बुडवायचंच ठरवून आलेला माणूस पेटीला दहा-वीस रुपये सहज जास्त बोलतो, त्याला कुठे द्यायचेत? त्या चढ्या दराला भुलून आपण खऱ्या गिऱ्हाईकाला परत पाठवतो.

आमच्या शिवारातल्या बागायतदारांची बैठक या रविवारी आहे. पावतीचा मसुदा मी साध्या मराठीत टाइप करून ठेवलाय, एका वकिलांकडून तपासूनही घेतलाय. आपल्या गावात वापरायचा असेल त्यांनी इनबॉक्सला सांगा, पाठवते. आणि मागच्या एक-दोन हंगामांत ज्यांनी इसार शेवटपर्यंत धरून ठेवला असेल, त्यांनी व्यापाऱ्याने काय कारणं सांगितली आणि तुम्ही काय उत्तर दिलं ते खाली लिहा. रविवारी लोक तेच विचारणार आहेत.