गेम काढा, पण न्याय बेतानं

नाशिकच्या कॉलेज रोडला गाळा भाड्यानं घेतलात, तीन पोरं कोडिंगला बसवलीत आणि आता ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम काढताय. उत्तम. फक्त भिंतीवर ते 'सर्वांना समान संधी' लिहिलंय ना, ते गुंतवणूकदार यायच्या आत पुसून घ्या.

समान संधीचा हिशेब भयंकर असतो. अर्पाड एलो नावाच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं बुद्धिबळासाठी रेटिंगची पद्धत काढली, फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं ती १९७० साली स्वीकारली. तिचं गणित असं: दोघांचं रेटिंग सारखं, तर गुण निम्मे-निम्मे. दोनशेचा फरक पडला की वरचा शंभरातले शहात्तर गुण खिशात घालतो. म्हणजे तुम्ही जोड्या जितक्या चोख लावाल, तितका प्रत्येक जण निम्म्या वेळा आपटणार. "मी निम्मे डाव हरतो, कारण यंत्रणा प्रामाणिक आहे," असं म्हणणारा नाशिककर मिसळीच्या टेबलावर अजून सापडायचाय. तो म्हणतो, गेम फिक्स आहे. आणि तर्रीची दुसरी वाटी येईपर्यंत ॲप उडवलेलं असतं.

विदित गुजराथीचं नाव घेऊ नका. आपल्याच गावचा बुद्धिबळपटू, २०२३ ची ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला, सगळं मान्य. तिथं सारख्या गुणांचे समोरासमोर बसवतात. जिंकत जाल तसा समोरचा अवघड. पण पुढच्या फेरीला यावं म्हणून त्याला कुणी 'तुझे सैनिक वाट बघताहेत' असं नोटिफिकेशन पाठवत नाही. तुमचं गिऱ्हाईक वेगळं.

तेव्हा सुरुवातीचे डाव बॉटशी, म्हणजे संगणकी खेळाडूशी, लावा. बॉटला नाव माणसाचं द्या आणि मधूनमधून विचारात पडल्यासारखं थांबवा, नाहीतर चोरी पकडली जाते. लागोपाठ हरणाऱ्यासमोर एखादं गरीब गिऱ्हाईक आणून बसवा. लाजू नका, ईए या गेम कंपनीचे संशोधक सहलेखक असलेला एक शोधनिबंध २०१७ साली रीतसर हेच मांडून गेलाय, की जोडी न्याय्य असण्यापेक्षा खेळाडू टिकेल अशी लावावी.

आणि परंपरेचंच म्हणाल तर आपण कुणाला ऐकणारे नाही. सिंहस्थात आधी स्नान कुणाचं यावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांत रक्त सांडलं, तेव्हा पेशवाईत तोडगा निघाला: शैवांनी त्र्यंबकेश्वरी, वैष्णवांनी रामकुंडावर. सर्व्हरच वेगळे केले! दोन्हीकडे मान पहिला, आणि दर बारा वर्षांनी दोन्हीकडचे हजर. तुम्हीही तेच करा. कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा लीगा काढत जा, प्रत्येक लीगला तीन पोटलीगा. पहिला नंबर जितक्या जणांना वाटता येईल तितका वाटा. हंगाम संपला की सगळ्यांना खाली ढकला, म्हणजे वरच्यालाही चढायला काम राहतं.

क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, हवाच. गेमचा कंटाळा आला तरी क्लॅनचा लीडर सख्खा मेहुणा असेल तर माणूस सोडून जाईल कुठे?

आता ढाल. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम २०१२ पासून ही युक्ती चालवतोय: खेळाडूचं गेममधलं गाव लुटलं गेलं की काही तास हल्ल्यापासून संरक्षण. माणुसकी वाटते. पण तीच ढाल जेम्स, म्हणजे गेममधली विकत मिळणारी रत्नं, देऊनही घेता येते, हे त्यातलं कौतुकाचं.

शेवटी तुमचे व्हेल, म्हणजे जेम्सवर पगार उधळणारी दोन-चार मंडळी. त्यांना वाटतं आपण डावपेचांनी जिंकतो, वाटू द्या. त्यांची खरी गरज वेगळीच असते: हरणारे. सगळीकडे व्हेलच उरले तर त्यांनाही निम्मे डाव हरावे लागतील, आणि मग बसा एलोसाहेबांच्या नावानं बोटं मोडत. म्हणून फुकट्या खेळाडूला कधी दुखवू नका. सातपूरला रात्रपाळी करणाऱ्या त्या पोराला रोज संध्याकाळी शंभर लाकडं भेट द्या, सोबत हसरा चेहरा पाठवा. तो मशीनवर उभा असताना जाळायला गावात काहीतरी असायला हवं ना.