थंडीत रात्री बारा वाजता दारं धरायची कुणी?

काल रात्री बारा वीसला लाईट आली आणि एक दहाला गेली. पुन्हा पावणेदोनला आली, ती पावणेतीनला डीपीवरचा, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडेपर्यंत. दोन तासही धड मिळाले नाहीत. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका साऱ्यात, वाफ्याच्या लांब पट्ट्यात, वळवणं. गव्हाच्या १८ साऱ्यांपैकी सात भिजले. मधेच लाईट गेली की पाट आटतो, आणि मोटार परत चालू झाल्यावर साऱ्याच्या तोंडाशी पाणी यायलाच वीस मिनिटं जातात. तोवर घोटाभर चिखलात, माळावरच्या गार वाऱ्यात उभं राहायचं. सकाळी आठला तंबूंचे ओटे बांधायला गवंडी दारात हजर.

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

तुळजापूर आणि नळदुर्गच्या मधे आमचं चार एकर रान आहे. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, माझं आडतीत ४,१०० नं गेलं. तेव्हाच घरात ठरलं की नुसत्या सोयाबीनवर भागणार नाही, लिंबाखालच्या पडीक तुकड्यावर पर्यटकांसाठी सहा तंबू टाकायचे. पौषात शाकंभरी नवरात्राला तुळजापूरला माणसं येतात, नळदुर्गचा किल्ला बघायला येतात, आणि ज्वारीही त्याच सुमाराला हुरड्यात येते. खास हुरड्याची गुळभेंडी ज्वारी पेरलीय. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, झाली, रानातल्या कोपीत पांडव पुजले, भज्जी-आंबील झाली की उघडायचं. संडासाचे खड्डे झालेत, टाकी बसली, वाटेवर मुरूम पडला, बायकोनं आणि आईनं मिळून बारा वाकळा शिवल्यात. कष्टाबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही.

तक्रार एकच आहे. मोटारीला लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले चार दिवस रात्रीच का?

ज्वारी जमिनीच्या ओलीवर येते. हरभऱ्याचं पाणी चार दिवस मागंपुढं झालं तरी तो सोसतो. गव्हाचं तसं नाही. पेरल्यापासून १८ ते २१ दिवसांत गव्हाला मुकुटमुळं फुटतात. तेव्हाचं पाणी हुकलं की फुटवे कमी येतात, आणि पुढं कितीही पाणी पाजलं तरी ती तूट भरून निघत नाही. माझ्या गव्हाचा एकविसावा दिवस काल होता, आणि पाळी रात्रीची. "एवढ्या थंडीत कशाला जाता रात्रीचं?" असं पुण्यातले पाहुणे फोनवर विचारतात. जावं लागतं हो, म्हणून जातो.

आणि रात्री रानात काय असतं ते ऐका. डुकरांचा कळप हरभऱ्यात शिरलेला असतो. पाणी बिळात गेलं की साप वर येतो आणि आपण बॅटरीच्या उजेडात पाय कुठं ठेवावा ते शोधत असतो. ओल्या हातानं स्टार्टर दाबावा लागतो. माझ्या वडिलांचं वय ७१ आहे, दम्याचा त्रास आहे. येऊ नका म्हटलं तर म्हणतात, "तू दिवसभर खड्डे खांदलास, नीज जरा, मी धरतो दारं." काल रात्री ते पाटाच्या कडेला बसून खोकत होते आणि तो खोकला मला विहिरीवर ऐकू येत होता. त्या खोकल्याची जबाबदारी कुणाची, हे मला विचारायचंय.

आमची डीपी ६३ केव्हीएची. तिच्यावर पाच-पाच एचपीच्या वीसच्या वर मोटारी आहेत. मोटार चालू होताना पाच-सहा पट करंट ओढते, आणि ऑटो स्विचमुळं लाईट आली रे आली की सगळ्या मोटारी एकदमच उचलतात. फ्यूज उडणारच! वर वीज कंपनीवाले आम्हालाच ऐकवतात की ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटर मी बसवलाय. ऑटो आम्ही हौसेनं बसवले नाहीत, लाईट मध्यरात्री येते म्हणून बसवले. दिवसा द्या, माणूस विहिरीवर उभा असेल, ठरवून एकेक मोटार चालू करू. गेल्या वर्षी डीपी जळाली तेव्हा मोटारीमागं वर्गणी काढून, आमच्याच ट्रॅक्टरमधून नेऊन आणली. अकरा दिवस गेले त्यात.

साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून माफ झालंय, ते दर वेळी तोंडावर फेकतात. "फुकट तर मिळतेय ना!" मी मागितली होती का फुकट? बिल घ्या आणि सकाळी नऊ ते पाच लाईट द्या. सौर पंप घ्या म्हणाले, तर त्यासाठी माझा दहा टक्के हिस्सा भरून सात महिने झाले. पंपाचा पत्ता नाही.

तंबूंसाठी वेगळं मीटर मागायला ऑफिसात पाच खेपा झाल्या. शेतीच्या जोडणीवर तंबूत एक बल्ब जरी लावला तरी २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ कलमाखाली दुप्पट दरानं आकारणी होते, हे पहिल्याच खेपेला बजावून सांगितलं. मीटर कधी मिळेल ते पाचव्या खेपेलाही कुणी सांगितलं नाही. राज्याचं कृषी पर्यटनाचं धोरण २०२० पासून आहे, शेतकऱ्यानं जोडधंदा करावा म्हणून भाषणं होतात. उद्या तंबूत लेकरंबाळं घेऊन माणसं झोपलेली असताना मी रात्री दोनला त्यांच्या उशापासून बॅटरी घेऊन पाटानं पळायचं का?

आज सकाळपासून लाईनमनला सहा फोन केले, एकही उचलला नाही. शेवटी गावातला एक पोरगा डीपीवर चढला आणि त्यानं फ्यूजला तार घातली. त्याला दोन लहान लेकरं आहेत. तो खाली उतरेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

आज गुरुवार. रविवारपर्यंत रात्रीचीच पाळी आहे, आणि गव्हाचे ११ सारे अजून कोरडे आहेत.