पाणी नाही, पण का नाही?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पोर्टलंडहून दक्षिणेला निघालं की पाऊण तासाच्या आत वुडबर्न लागतं. तिथे गाडीच्या रेडिओवर एक स्टेशन सापडतं आणि गाव मागे पडलं की खरखरायला लागतं. ताकद १०० वॅटच्या आतली, पोच पाच-सहा किलोमीटर. २००६ साली शेतमजुरांच्या युनियनने ते सुरू केलं. स्पॅनिश तर असतंच, पण मेक्सिकोतून आलेल्या मूळनिवासी मजुरांच्या भाषाही तिथे ऐकू येतात. मला शब्द कळत नाही, तरी मी स्टेशन बदलत नाही.

आमच्या माण तालुक्यातही असा सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेने परिसरातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र, आहे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी, २००८ पासूनची. काटा ९०.४ वरून हलू नये म्हणून आत्याने रेडिओच्या बटणाला चिकटपट्टी लावून ठेवलीय. मागे फोनवर म्हणाली, "उद्या नळाला पाणी न्हाई, रेडिओवर सांगितलं." मी विचारलं, का नाही? "त्ये कुठं सांगत्यात!"

दोष केंद्राचा नाही, सामुदायिक रेडिओच्या सरकारी नियमाचा आहे. पाणी-वीज बंद असल्याची सूचना देता येते, कारण ती बातमी धरत नाहीत. बातमी मात्र फक्त आकाशवाणीची, तीही जशीच्या तशी किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून. खरं तर रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय.

अमेरिकेत सगळं सुरळीत झालं असं नाही. २००० साली अशा कमी ताकदीच्या स्टेशनांचे परवाने निघाले तेव्हा आमच्या प्रक्षेपणात व्यत्यय येईल, असा ओरडा बड्या रेडिओवाल्यांनी केला. त्यात सार्वजनिक रेडिओ एनपीआरही होता. अमेरिकेच्या संसदेने त्याच वर्षी कायदा करून शहरांत ही स्टेशनं जवळपास अशक्य करून टाकली. पण त्याच कायद्यात चाचणीचीही अट होती. चाचणी झाली, २००३ मध्ये अहवाल आला, भीती फोल निघाली. तरी कायदा बदलायला २०११ उजाडलं. शिवाय इथे जाहिराती घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे तासाला १२ मिनिटं घेता येतात, हे आपलं नक्कीच चांगलं.

पण आपल्याकडच्या भीतीची चाचणी कुणी घेतली? गावच्या माणसाने गावची बातमी दिली की भडका उडेल, हे गृहीतच धरलंय. अफवांची काळजी मलाही आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेला ना नाव, ना गाव. या केंद्रांचा टॉवर गावात उभा असतो, परवाना संस्थेच्या नावावर असतो आणि प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं. चूक झाली तर धरायला माणूस समोर आहे. निदान काही केंद्रांना वर्षभर ग्रामसभेचा वृत्तांत देऊ द्या आणि मग काय बिघडतं ते मोजा.

तिसऱ्या दिवशी आत्या स्वतःच ग्रामपंचायतीत विचारून आली. मोटार जळली होती आणि दुरुस्तीला अजून कुणी बोलावलंच नव्हतं.