चारिझार्डचे बूट

ठाण्यातील घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीचा सचिव या नात्याने मी गेल्या सहा वर्षांत पार्किंगमधल्या क्रिकेटवर, गच्चीवरच्या पापडांवर आणि लिफ्टमधून सायकल नेण्यावर बंदी घातली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी क्लब हाऊसमध्ये पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लढतींची स्पर्धा भरवायचे ठरवले आणि त्यांचे शिष्टमंडळ माझ्या दारात आले, तेव्हा कशाकशावर बंदी असावी हे विचारायलाच ती आली असणार, असे मी धरून चाललो. प्रत्यक्षात त्यांना क्लब हाऊसची किल्ली हवी होती. किल्लीच्या बदल्यात मी स्पर्धेत एक जागा मागून घेतली, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

खेळ वरकरणी सोपा आहे. प्रत्येकाने सहा प्राणी निवडायचे, प्रत्येक प्राण्याला चार डाव द्यायचे, दोघांनी एकाच वेळी आपापली चाल ठरवायची आणि समोरचे सहाही आडवे झाले की जिंकलो. मी चारिझार्ड घेतला, कारण तो आग ओकतो, उडतो आणि मला नावाने ओळखता येणारा पिकाचूव्यतिरिक्त तो एकमेव प्राणी होता.

पहिली लढत सी विंगमधल्या दहा वर्षांच्या आर्याशी होती. तिच्याकडे चॅन्सी नावाचा, पोटाशी अंडे धरलेला, गुलाबी आणि अत्यंत निरुपद्रवी दिसणारा जीव होता. तो हल्ला करीत नसे, फक्त आकसत असे. या डावाला मिनिमाइझ म्हणतात आणि तो तीनदा खेळला की एरवी हमखास लागणारा वार तीनांतून एकदाच लागतो. तीन हात नाक्यावर भर पावसात रिक्षाला हात करणाऱ्या माणसासारखी माझी अवस्था झाली. रिक्षा दिसते, ती रिकामीही असते, पण हाती लागत नाही. चुकून एखादा वार लागलाच, तर चॅन्सी एक डाव खर्चून आपली निम्मी ताकद भरून घेई आणि पुन्हा त्याच गोड चेहऱ्याने माझ्याकडे पाहत उभी राही. पाऊण तासाने मी हरलो.

त्याच रात्री मी आकसण्यावर बंदी घालण्याचा दोन पानी मसुदा तयार केला. तो वाचून स्पर्धेचा पंधरा वर्षांचा संयोजक चिन्मय म्हणाला, "काका, ही बंदी जुनीच आहे, इव्हेजन क्लॉज म्हणतात तिला. आर्या लहान आहे, म्हणून तिला चालवून घेतो." म्हणजे मी ज्या मुलीकडून हरलो, ती या स्पर्धेतली लिंबूटिंबू होती.

माझे अज्ञान पाहून चिन्मयने मला जो इतिहास ऐकवला, तो मी सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तांच्या आवडीने ऐकला. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळात सायकिक, म्हणजे मनःशक्तीने लढणाऱ्या जातीचे प्राणी अतोनात माजले होते. भुतांचे वार त्यांना लागावेत असा मूळ बेत होता, पण प्रत्यक्षात ते अजिबात लागत नव्हते. शेवटी १९९९च्या खेळात डार्क आणि स्टील या दोन नव्या जाती आणून त्यांना आवरावे लागले. पुढे ड्रॅगन डोईजड झाले, तेव्हा २०१३ साली परीची जात आली. मात्र कंपनी नवी जात आणेपर्यंत थांबायला खेळाडूंना सवड नसते, म्हणून २००४ साली सुरू झालेल्या स्मोगन या खेळाडूंच्या समूहाने आपली वेगळी नियमावली चालवली आहे. तीत प्राण्यांच्या पायऱ्या आहेत आणि नेहमीच्या पायरीला न झेपणाऱ्यांसाठी 'उबर्स' नावाची वरची पायरी आहे. २०१४ साली मेगा रेक्वाझा नावाचा प्राणी आला. तो उबर्समध्येही कोणाला जुमानेना, तेव्हा त्याला तिथूनही हाकलून 'काहीही चालेल' अशा अर्थाची आणखी एक पायरी वर बांधली गेली. मंजुरी नसलेला मजला कसा चढतो, हे ठाणेकराला समजावून सांगावे लागत नाही.

बंदी ताकदवानावर घालतात, अशी माझी समजूत होती. चिन्मयने ती दुरुस्त केली. प्राणी नुसता जोरकस असला तर चालतो. पण त्याच्या धास्तीने प्रत्येकाच्या सहांमध्ये एक तर तोच प्राणी किंवा त्याच्यावरचा उतारा दिसू लागला आणि सगळ्यांचे संघ एकसारखे होऊ लागले, की त्याची चौकशी बसते. त्या काळात ठरावीक दर्जा गाठलेल्या खेळाडूंनाच मत देता येते आणि बंदीसाठी साठ टक्के मते लागतात. आमच्या वार्षिक सभेत गणसंख्येअभावी अर्धा तास थांबून उरलेल्या अकरा जणांच्या बळावर इमारतीचा रंग ठरतो, हे मी त्याला सांगितले नाही.

दुसऱ्या लढतीत माझ्यावर दगड पडले. स्टेल्थ रॉक हा २००६ सालच्या खेळातला डाव असा, की प्रतिस्पर्धी मैदानात टोकदार दगड तरंगत ठेवतो आणि नंतर तुमचा जो प्राणी आत येईल त्याला ते बोचतात. सर्वसाधारण प्राण्याचा आठवा हिस्सा जातो. चारिझार्ड आगीचा आणि वर उडणारा, दोन्ही बाजूंनी दगडाला कच्चा, म्हणून त्याची निम्मी ताकद नुसत्या आत येण्यातच संपते. मी तत्काळ बंदीची मागणी केली. मुलांनी ती फेटाळली आणि चारिझार्डला बूट घालायला सांगितले. मला ती थट्टा वाटली, पण २०१९पासून खेळात खरोखरच हेवी ड्यूटी बूट्स नावाची वस्तू आहे आणि ती दिल्यास दगड बोचत नाहीत. उडणाऱ्या प्राण्याला जमिनीवरचे बूट कशाला, हा माझा प्रश्न गैरलागू ठरवण्यात आला.

बूट घालून मी एक लढत जिंकलो. समोरच्या मुलाला मध्येच आईने जेवायला बोलावले, हा तपशील गुणफलकावर नोंदवला जात नाही.

त्यानंतरच्या लढतीत चिन्मयने आधी दगड ठेवले आणि मग नॉक ऑफ खेळला. या डावाने वार तर बसतोच, शिवाय हातातली वस्तू खाली पडते. चारिझार्डचे बूट गेले. मी घाबरून त्याला बाहेर काढले आणि दोन चालींनी नाइलाजाने परत आणले. तेव्हा तो अनवाणी त्या दगडांतून आत आला, अर्धा झाला आणि पुढच्याच फटक्याला आडवा पडला.

नॉक ऑफवरील बंदीचा अर्ज मी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहिला. मतदानाचा हक्क तीन विजय मिळवलेल्यांनाच असल्याने मला स्वतःच्या अर्जावर मत देता येणार नव्हते. अर्ज स्वीकारण्याचे काम आर्याकडे होते. तिने तो नीट वाचला, कोपऱ्यात आवक क्रमांक घातला आणि खाली 'पुढील सभेत विचारार्थ' असे लिहिले. तिच्या बाबांच्या गळक्या भिंतीच्या तक्रारीवर दोन वर्षांपूर्वी हाच शेरा मी लिहिला होता, आणि तो कागद तिने बहुधा समोर ठेवूनच हे अक्षर गिरवले असावे, कारण 'विचारार्थ'मधला रफारसुद्धा माझ्यासारखाच एक अक्षर आधी पडला होता.