रॅमची खाच कानसने घासायची नसते, आणि तो फॉरवर्ड प्लीज थांबवा

परवा रात्री साडेदहाला मावसभावाचा फोटो आला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर नवीकोरी 16 जीबी रॅमची पट्टी म्हणजे स्टिक, डीडीआर5 ची (डीडीआर4 नंतरची पिढी), आणि शेजारी काकांच्या हत्यारांच्या डब्यातली कानस. खाली प्रश्न, "दादा, कुठल्या बाजूने घासू?"

मी मेसेज टाईप करत बसलो नाही, सरळ फोन लावला आणि तो कानस बाजूला ठेवेपर्यंत बोलत राहिलो. मग विचारलं की हे डोक्यात आलं कुठून, तर म्हणे फॅमिली ग्रुपवर आलंय. "कॉम्प्युटर अपग्रेड करताय? दुकानदार कधीच सांगणार नाही अशा 7 गोष्टी." नंतर पाहिलं तर तोच मेसेज माझ्या ऑफिसच्या ग्रुपवरही पडलेला आणि चार जणांनी अंगठा दिलेला. म्हणून हे लिहितोय. पोरगा कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चार महिने पैसे साठवून त्याने ती स्टिक घेतली, आणि 2025 च्या दिवाळीपासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते ज्याने विकत घेतली त्याला माहितीये.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा आहे, आधी तोच घेतो. मेसेज म्हणतो, "नवी रॅम जुन्या बोर्डात बसत नसेल तर घाबरू नका, फक्त खाच थोडी सरकलेली असते, कानसने घासा. डीडीआर4 ला 1.2 व्होल्ट लागतात, डीडीआर5 ला 1.1, फरक किरकोळ आहे."

आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच लोक फसतात. दोन्ही स्टिकना 288 पिना, लांबीही तेवढीच, शेजारी ठेवल्या तर नवख्या माणसाला फरक कळत नाही. पण पिनांच्या रांगेतली खाच मुद्दाम वेगळ्या जागी दिलीये, चुकीची स्टिक चुकीच्या बोर्डात जाऊच नये म्हणून. आणि घासणार काय? खाच सरकवायची म्हणजे तिथल्या सोनेरी पिनाच कापून काढायच्या. प्लास्टिकचा कोपरा नाहीये तो, तिथून सिग्नलच्या आणि करंटच्या तारा जातात. पहिला घाव बसला की स्टिक गेली, वॉरंटीही गेली.

आता व्होल्टचं. डीडीआर4 मधे 1.2 व्होल्ट मदरबोर्ड बनवून देतो. डीडीआर5 मधे ते काम स्टिकवर आलं, साध्या डेस्कटॉपच्या डीडीआर5 स्टिकला बोर्डाकडून 5 व्होल्ट येतात आणि स्टिकवरची एक छोटी चिप त्यातून 1.1 बनवते. म्हणजे ती स्टिक मावसभावाच्या जुन्या डीडीआर4 बोर्डात कशीबशी कोंबली असती तरी तिला हवे ते 5 व्होल्ट तिथे नाहीतच, आणि कुठल्या पिनेवर काय येतं ते सगळंच बदललेलं, त्यामुळे नको तिथे व्होल्टेज जाऊन बोर्ड किंवा प्रोसेसर दगावायचा धोका वेगळाच. उलटं केलं, जुनी स्टिक नव्या बोर्डात घातली, तर 5 व्होल्टवाल्या स्लॉटमधे तिचं काय होईल याचा विचार करा. त्यात त्याचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन 5 3600. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि याचा कंट्रोलर फक्त डीडीआर4 शी बोलतो. कानस कितीही बारीक दातांची घ्या, प्रोसेसरला डीडीआर5 शिकवता येत नाही.

हे माझ्या तोंडचं नको असेल तर एएमडीच्या साइटवर जा. प्रत्येक प्रोसेसरचं स्वतःचं पान आहे, त्यात मेमरीचा प्रकार आणि स्पीड लिहिलेला असतो. 3600 च्या पानावर डीडीआर4, 3200 पर्यंत. डेस्कटॉपच्या रायझन 7000 च्या कुठल्याही पानावर डीडीआर5, कारण ते ज्या एएम5 सॉकेटच्या बोर्डांवर बसतात तिथे दुसरं काही चालतच नाही. फॉरवर्डचा पहिला मुद्दा, "रॅम सगळी सारखीच, फक्त जीबी बघा", तोही याच पानावर निकालात निघतो. इंटेलवाल्यांनी मात्र जास्त जपायचं, कारण 12, 13 आणि 14 व्या जनरेशनचे प्रोसेसर दोन्ही प्रकार घेतात पण बोर्ड सहसा एकच घेतो. तिथे बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, बऱ्याच मॉडेलच्या नावातच डी4 लिहिलेलं असतं.

आणि पाचवा मुद्दाही त्याच पानावर. "दोन स्टिकपेक्षा चार कधीही फास्ट." रायझन 7000 ला एएमडी दोन स्टिकवर 5200 चा स्पीड देते आणि चार लावल्या की 3600. कंपनीने स्वतः लिहिलेले आकडे आहेत. बायोसमधे (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधे) खटपट करून लोक चारवर जास्त काढतात, पण ज्याला व्हॉट्सॅपवरून सल्ला घ्यावा लागतोय त्याने 32 जीबी हवी तर 16 च्या दोन घ्याव्यात, 8 च्या चार नकोत.

दुसरा मुद्दा, "सॉकेटचा नंबर जुळला की कुठलाही प्रोसेसर बसतो." सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा. तर बसतो, पण चालू होईलच असं नाही. इंटेलचा 1151 सॉकेट घ्या. सहाव्या-सातव्या जनरेशनला 100 आणि 200 सिरीजचे बोर्ड, आठव्या-नवव्याला 300 सिरीजचे. पिनांची संख्या तीच, पण करंटच्या पिनांची वाटणी बदललेली, म्हणून बी250 बोर्डावर आय5 8400 अगदी व्यवस्थित बसतो आणि स्क्रीन काळीच राहते. काही हौशी लोकांनी बदललेला बायोस टाकून, पिनांवर टेप चिकटवून असली जोडी चालवलीये हे मी मान्य करतो, पण ते त्यांनी स्वतःच्या जोखमीवर केलंय. आणि एएमडीच्या आधीच्या एएम4 सॉकेटवर हा मुद्दा बऱ्यापैकी खरा ठरला हेही मान्य, साध्या बी450 बोर्डावर बायोस अपडेट करून रायझन 5000 आरामात चालतो. फक्त अपडेट आधी, जुना प्रोसेसर लावलेला असतानाच करायचा. ही ओळ त्या मेसेजमधे कुठेच नाहीये.

चौथा, "सीपीयू-झेडमधे 1600 दिसलं तर दुकानदाराने 3200 सांगून फसवलं." सीपीयू-झेड म्हणजे प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारा प्रोग्राम. अहो, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून 1600 दिसणं म्हणजेच 3200. 1066 किंवा 1333 दिसत असेल तर बायोसमधे एक्सएमपी (रॅमला लेबलवरचा पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) चालू करायचं राहिलंय. एवढ्यावरून लोक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानात जाऊन भांडतात, बरं वाटत नाही.

सहावा, जुन्या सर्व्हरची स्वस्त रॅम. डीडीआर4 ची सर्व्हरवाली स्टिक साध्या बोर्डात बसते, खाचही जुळते, पण पीसी चालू होत नाही. लेबलवर स्पीडनंतरच्या आडव्या रेघेपुढचं अक्षर बघा, आर असेल तर सर्व्हरची, यू असेल तर आपली. एवढंच.

राहिला सातवा. "वेगवेगळ्या कंपनीच्या दोन रॅम लावल्या की बोर्ड जळतो." जळत नाही. दोन्ही त्यातल्या हळू स्टिकच्या स्पीडने चालतात, कधीकधी पूर्ण स्पीडला कुरकुर करतात, म्हणून जोडीचं किट घेतलेलं बरं, एवढा भाग खरा आहे.

मावसभावाचं सांगतो. स्टिकला ओरखडाही नव्हता आणि बिल होतं, म्हणून ज्या दुकानदाराला हा मेसेज लबाड म्हणतो त्यानेच ती बदलून 8 जीबीची डीडीआर4 3200 दिली आणि वरचे पैसे परत केले. कंपनी जुन्या स्टिकपेक्षा वेगळी. व्हिडिओ कॉलवर दोन्ही स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमधे लावून घेतल्या, त्याच्या बोर्डाच्या मॅन्युअलमधे ड्युअल चॅनलसाठी (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाव्यात म्हणून) तेच दिलंय. पहिल्यांदा सीपीयू-झेडमधे 1066 आलं आणि त्याचा चेहरा पडला. बायोसमधे एक्सएमपी लावायला सांगितलं, 1600 आलं. मग रात्रभर मेमटेस्ट86, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चालू ठेवला. सकाळी सव्वासहाला फोटो आला, एकही एरर नाही.