काचेच्या कपाटाबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या पुस्तकांच्या खोलीवरच्या लेखाखाली, उघड्या मांडण्यांचा आणि आडव्या थप्प्यांचा फोटो बघून, तुम्ही लिहिलंत : ‘हे पुस्तकप्रेम नाही, आळस आहे. खरं प्रेम असतं तर पुस्तकं काचेच्या कपाटात नीट लावली असती. अर्धी तर वाचलेलीही नसणार. त्यापेक्षा वाचनालयाला देऊन टाका.’

मतभेद असावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या घरी कधी पाऊल टाकलं नाही अशा माणसाला सरळ आळशी म्हणायचं, ही कुठली रीत? ‘कपाट का नाही?’ असं विचारलं असतंत तर आनंदाने सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, निकाल दिलात. त्यातही ते ‘खरं प्रेम’ मला फार लागलं.

एक मान्य. आडव्या थप्पीत खालच्या पुस्तकाच्या बांधणीवर भार येतो, जाडजूड पुस्तकं उभीच हवीत. तेवढं तुमचं बरोबर.

आता कपाट. माझं घर गुहागरात, समुद्राच्या अगदी जवळ, जांभ्या चिऱ्याच्या भिंतींचं. चिरा पावसात पाणी पितो आणि पाऊस सरला तरी कितीतरी दिवस ओल सोडत राहतो. जून ते सप्टेंबर इथे बरणीतलं मीठ पाझरतं, चामड्याच्या चपलांवर पांढरी बुरशी चढते. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागदालाही बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती त्याखाली क्वचितच उतरते. अशा हवेत पुस्तकं दाटीने बसवून दार लावलं की ओल आतच कोंडते. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं तर अशी चिकटतात की सोडवायला गेलं की एका पानावरचं चित्र दुसऱ्यावर उतरतं. डांबरगोळ्या ठेवा म्हणाल, तर त्या कसरीला लांब ठेवतील, ओलीचं काय?

माझे वडील शाळामास्तर. तुम्ही म्हणता तसलंच सागवानी, काचेच्या दारांचं कपाट आमच्याकडे होतं, भिंतीला टेकवलेलं. एका पावसाळ्यानंतर अण्णा शब्दकोश काढायला गेले आणि हातात नुसता पुठ्ठा आला. समोरून कणा शाबूत, त्यावरची सोनेरी अक्षरं शाबूत, आत पानांच्या जागी तांबडी माती. वाळवी भिंतीतून कपाटाच्या पाठीला लागून वर चढली होती. काचेतून ती पुस्तकं आम्ही रोज बघत होतो, कोणाला काही दिसलं नव्हतं. अण्णा संध्याकाळपर्यंत पडवीत एकेक पुस्तक झटकत बसले. कोणाशी बोलले नाहीत.

म्हणून माझ्याकडे उघड्या मांडण्या आहेत, भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेल्या. मी एका वेळी चार-पाच पुस्तकं वाचतो. एक सकाळच्या चहाबरोबर, एक झोपाळ्यावर, एक उशाशी, आणि प्रत्येकात खूण म्हणून एसटीचं तिकीट. त्यामुळे पुस्तकं घरभर असतात, उचलली जातात, त्यांना वारा लागतो. कुठे मातीची रेघ उमटली तर दुसऱ्या दिवशी कळते. तुम्हाला फोटोत पसारा दिसला. माझ्या घरात पुस्तकं टिकली आहेत ती याच पसाऱ्यामुळे, आणि ते फोटोवरून ठरवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

वाचली किती, न वाचलेली किती, हा हिशेब मी कोणाला देत नाही. तो विषय संपला.

आणि वाचनालयाचं मला सांगू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं. १८६४ पासूनची संस्था, हजारो पुस्तकं भिजली. चिखलातून पुस्तकं उचलणाऱ्यांत मी होतो. पुढे माझ्याकडची पुस्तकंही तिकडे गेली, त्याचा फोटो मी कुठे टाकला नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. प्रश्न असेल तर उत्तर देईन. ‘आळस’ पुन्हा दिसला तर काढून टाकेन.