मालिका लिहायचीय? मग काही घडू देऊ नका

मालिका लिहायचं ठरवलंत, उत्तम. डोक्यात एखादी कथा असेल तर ती आधी काढून टाका. कथेला शेवट असतो, आणि शेवटासारखी दुर्घटना या धंद्यात दुसरी नाही. तुम्हाला साबण विकायचाय. टोमणा नाही हा, इतिहास आहे. १९३० साली शिकागोच्या रेडिओवर इर्ना फिलिप्स यांची 'पेंटेड ड्रीम्स' आली. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या साबणवाल्यांनी दुपारच्या मालिका पोसल्या, म्हणून तर या प्रकाराला 'सोप ऑपेरा' नाव पडलं. याच फिलिप्सबाईंची 'गायडिंग लाइट' १९३७ला रेडिओवर लागली, १९५२ला टीव्हीवर गेली आणि २००९ला संपली. ७२ वर्षं! आणि तुमचा नायक दहाव्याच भागात गैरसमज दूर करायला निघालाय? त्याच्या गाडीचे ब्रेक फेल करा.

आता सराव. सून जिन्यावरून उतरते आणि तिच्या हातातलं पाकीट पडतं. एवढ्यात एक भाग निघाला पाहिजे. पाकीट तीनदा पाडा, तिसऱ्यांदा कृष्णधवल. मग घरातल्या नऊही जणांचे चेहरे घ्या, दोन महिने कोपऱ्यात नुसत्या उभ्या असलेल्या धाकट्या दिराचासुद्धा. आभाळ निरभ्र असलं तरी वीज कडाडू द्या. पाकीट कुणी उचलायचं नाही. उचललंच तर फोडायचं नाही. फोडायला घेतलंच, तर दारावरची बेल वाजलीच पाहिजे.

मरणाला तर मुळीच भिऊ नका. 'डॅलस' या अमेरिकन मालिकेतला बॉबी १९८५ला गेला. वर्षभराने त्याची बायको सकाळी उठून बघते तर हा पठ्ठ्या शॉवरखाली अंघोळ करतोय! मधला अख्खा सीझन म्हणे तिला पडलेलं स्वप्न होतं. आपल्याकडे 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर मेला, तर लोकांनी इतका गहजब केला की त्याला परत आणावं लागलं. यमाकडे अपील चालत नाही, वाहिनीकडे चालतं.

जपायचं ते एका गोष्टीला: प्रेक्षक कधीकधी शहाणा होतो. १९६९ साली पेरूमध्ये 'सिंप्लेमेंते मारिया' लागली. नायिका मोलकरीण. ती लिहा-वाचायला शिकते, शिवणयंत्रावर नशीब काढते. झालं, शिवणयंत्रांचा खप वाढला आणि बायका अक्षरं गिरवायला निघाल्या. पडद्यावरच्या तिच्या लग्नाला लिमातल्या चर्चबाहेर हजारो माणसं खरोखर जमली. मेक्सिकोचे मालिका-निर्माते मिगेल साबिदो यांनी यातून मालिकेतून लोकांना शिकवायची चक्क पद्धतच बसवली, आणि १९७५ला प्रौढ साक्षरतेवर मालिका काढली. तो वारा दिल्लीपर्यंत पोचला. १९८४ला दूरदर्शनवर 'हम लोग' आली, ती कुटुंबनियोजनाचा संदेश घेऊन. लोक कंटाळले. मग संदेशात पाणी घातलं, घरातली भांडणं दाट केली, आणि देश खिळून बसला. बोध लागेल तेवढा शेवटी अशोककुमार येऊन सांगायचे. ही विभागणी लक्षात ठेवा.

तरी ब्राझीलसारखं होऊ शकतं. ग्लोबो वाहिनी जिथे जिथे पोचली तिथे जन्मदर उतरल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं, कारण मालिकांतली कुटुंबं छोटी असायची. वर झालेल्या पोरांना पात्रांची नावं! लेखकाने पोरं कमी ठेवली ती समाजासाठी की नटांचं मानधन वाचवायला, कोण जाणे. तुम्ही मात्र घरात माणसं भरपूर ठेवा. क्लोजअपला चेहरे लागतात.

टीकाकार भेटतीलच. 'मी बघत नाही हो, घरात चालू असते म्हणून कानावर पडतं' असं म्हणणारा हमखास गाठ पडेल. वाद घालू नका. सहज विचारा, त्या पाकिटात काय होतं?

'अजून कुठे फोडलंय,' तो लगेच सांगेल, 'तेवढ्यात बेल नाही का वाजली!'